पिंपातलं सुरूचं झाड

हॅलो? … हो, मीच. बोल. … शाळेतून? मग तास सोडून काकाची आठवण कशी झाली?

… अच्छा. सुरूचं झाड हलवताय. माझं, पिंपातलं. … आणि हेडमास्तर म्हणाले, जुन्या माळ्याला विचारा. बरं झालं, आठवलो. शेजारी उभा आहे का तो? … नाही ना? स्पीकर बंद आहे ना? … बघ नीट.

हं, लिहून घे. खड्डा कंबरेएवढा. पिंप कापून काढा आणि मातीचा गोळा तस्साच्या तस्सा आत ठेवा. एकही मूळ कापायचं नाही. वरून चार बादल्या पाणी. झालं.

… हसत नाहीये गं. … बरं, हसतोय.

… अगं ऐक ना. सहावीला मुळांचा धडा तूच शिकवतेस ना? सांग, सोटमूळ कशासाठी? … पाणी, क्षार, हो, हो, ते पुस्तकातलं. आणखी? … आधार. शाबास. आणि गवताची तंतुमुळं? … माती धरून ठेवतात. बरोबर. मी नर्सरीत होतो तेव्हा एका झाडाचं सोटमूळ इतकं खोल गेलेलं, की विहिरीतून बादली ओढली की झाड हलायचं. … खोटं कसं? … बरं, विहीर उथळ होती.

आता पिंपात अकरा वर्षं राहिलेलं मूळ काय करणार? खाली तळ लागला, वळलं. कड लागली, वळलं. दोराचं भेंडोळं झालंय नुसतं. तसंच पुरलं, तर जमिनीतही ते गोलच फिरणार. आपल्याच बुंध्याला विळखा घालणार. वर मात्र हिरवंगार. फोटो झकास येईल. आणि दोन वर्षांत, तो हेडमास्तर निवृत्त व्हायच्या आत, एक बरासा वारा सुटला की … आडवं.

… हो, मुद्दाम. … पोरांवर नाही पडणार. रविवारी पडेल. माझं ऐकतं ते.

… विसरू? नोकरीच्या शेवटच्या दिवशी फाटकात पिशवी उलटी करायला लावली त्याने मला. सगळी शाळा बघत होती. का, तर शाळेची कात्री लांबवली असेन. निघालं काय? डबा, चष्म्याचं घर आणि तुझ्या काकूने विणलेली कानटोपी. उचलायला वाकलो, तर टोपीवर त्याचा बूट. … चुकून कसला! तोंडातून 'सॉरी'सुद्धा नाही निघालं.

… झाडाचा काय दोष, हे मला नको विचारूस. … नको म्हटलं ना.

… काय? चार वाजता अनावरण? कसलं? … दगड. … त्यावर कुणाचं नाव?

… परत वाच.

… 'यांनी वाढवलेलं झाड'. माझ्या वडिलांच्या नावासकट? तू दिलंस? … त्याने मस्टरमधून शोधलं. हं.

… मग मी काय पाया पडू त्याच्या? … तो दगड बदला. त्याचं नाव घाला. … कोरून झालाय. अक्षरं पुट्टीने बुजवून? … हं. म्हणजे झाड पडलं की लोक दगड वाचणार. माळ्याला झाडही नीट वाढवता आलं नाही म्हणणार. आणि तो तिथे मान डोलवत उभा. वा रे वा.

थांब. गोळा खड्ड्यात गेला का? … माती लोटली? … नाही ना? मग फावडी खाली ठेवायला सांग. गोळ्याला चारी बाजूंनी उभ्या चिरा द्यायच्या, बोटभर खोल. तळाचं भेंडोळं करवतीने उडवायचं. मग मुळं बाहेरच्या अंगाला पसरायची, केसांतला गुंता सोडवावा तशी. … तू नको गं करूस, तू पुस्तकातली. मीच येतो.

… कोण आलं? तो? … मला नाही बोलायचं. … अगं नको देऊस फोन …

… नमस्कार. … हो, येतोय ना. फक्त एक करा. मी पोचेपर्यंत झाडाला मिठी मारून उभे राहा. हललं की बारीक मुळं तुटतात. … शिपाई? छे, छे. त्यांना कुठे जमतंय, तुमच्यासारखा जबाबदार माणूस हवा. … हो, उन्हातच. … मधली सुट्टी झाली? मग बघतील पोरं, बघू देत.

… नाही, फार वेळ नाही. आंघोळ करतो, चहा घेतो, निघतोच. सोडू नका हं. ठेवतो.