स्पंज पिळला टाकीतल्याच पाण्यात

दौंड स्टेशनवर पुण्याच्या डेमूची वाट बघत होतो. शेजारी सासूजवळ बसलेल्या सुनेनं घरी सासऱ्यांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आप्पा, माशांच्या टाकीचा फिल्टर धुतला का?"

"धुतला की, करुणा."

"साबणानं न्हाई ना? मागं तसंच मासं मेलं."

"न्हाई गं. टाकीतलंच पाणी बादलीत घेतलं आन् त्यात स्पंज पिळला."

"यांनी जन्मात कवा कप इसळला न्हाई, आन् आता स्पंज पिळत्यात," सासू मधेच म्हणाली.

"ऐकतोय मी, चांगुणा."

"मासं कसं हायेत, आप्पा?"

"मजेत पवत्यात."

"धुताना फिल्टर बंद केला व्हता ना?"

"केला. पण बुडबुडं थांबलं आन् घर पार गप झालं. मग भराभरा धुतला आन् परत लावला."

सासूनं फोन आपल्या हातात घेतला.

"जेवून घ्या. उद्या सांजच्याला येतोय आम्ही."