रजेचा प्रकार कळवावा

नील, ईरा, मागच्या महिन्यात तुम्ही संग्रहालयातल्या अंतराळयानाचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, आजी, आपल्या गावाकडचं कुणी गेलंय का? गेलेलं नाही, पण जायला निघालेलं एक माणूस मला माहीत आहे. चंद्रभागाबाई. पेडगावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी इंग्रजी. हल्ली त्यांना नावं आठवत नाहीत, म्हणून आत्ताच जाऊन लिहून आणलं. वाक्यं त्यांची, पूर्णविराम माझे.

आमी मेंढरावाले, बाप पालमकडं मेंढरं घेऊन हिंडायचा, शिकले मी एकटीच. तर सातवीला पृथ्वी गोल हाय म्हणून शिकवायलते, एक पोरगी उठली, म्हणली, बाई, तुमी बघितली का? मी म्हणलं, पुस्तकात हाय. म्हणली, पुस्तकवाल्यानं तरी बघितली का? काय सांगू तुमाला, मी पुस्तक मागून-पुढून चाळलं, कुटंच लिहिलेलं न्हाई. मग पेपरात आलं, परदेशात एका मास्तरणीला यानात बसवून वर न्यायलेत, आपल्या देशाचंबी कोणीतरी जाणार हाय. मी म्हणलं, मग मी का न्हाई? तुमच्याकडूनच तर इंग्रजीत अर्ज लिहून घेतला बाई, तुमी विचारलं, पोहता येतं असं लिहू का, मी म्हणलं, लिहा.

थेट दिल्लीला टाकायचा, तर हेडमास्तर म्हणले, वरिष्ठांमार्फत जाऊ द्या. तितंच चुकलं. परभणीच्या जिल्हा हापिसातून कागद आला, रजेचा प्रकार कळवावा, किरकोळ का अर्जित. आमी तिघं बसून लय विचार केला, अर्जित लिहिलं.

तवर माझा सराव चालू. यानात जागा लहान असती म्हणून रिकाम्या कणगीत, धान्याच्या, घुसून बसायचे, पोरी बाहेर घड्याळ बघायच्या. सासू म्हणायच्या, वर भाकर कोण थापणार? मी म्हणायचे, आत्याबाई, तिथं पीठच उडतंय. पीठ मळता मळता हळूच, अगं, मग पाणी? तेबी उडतंय? रोज एक नवीन इचारायच्या.

एक दिवस रेडिओवर सांगितलं, ते यान वर जाताजाताच फुटलं, मास्तरीणबी गेली. हेडमास्तर म्हणले, अर्ज माघारी घ्या, अजून परभणीलाच पडलाय. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एस्टी न्हाई, मी पायीच निघाले. क्लार्कनं फाईल काढली, जाण्याचं कारण म्हणून आपण इंग्रजीत लिहिलेलं वाचलं मी, म्हंजी, विद्यार्थिनीने विचारले म्हणून. वाटलं, त्या यानातल्या मास्तरणीलाबी कोणी पोरीनं इचारलं असंल. म्हणलं, राहू द्या, पुढं पाठवा. क्लार्क म्हणला, बाई, मरायला जायलाव का? म्हणलं, न्हाई, बघायला.

घरी आले, आत्याबाई दारातच. घेतला का माघारी? न्हाई म्हणलं. पाय धुवायला पाणी दिलं, मग म्हणल्या, तिथून आपलं पेडगाव दिसंल का गं?

पुढं काही आलं न्हाई. त्या पोरीला वर्गात सांगितलं, मी न्हाई बघितली बाय, तू बघ. तुमच्या नातवंडांनाबी तेच सांगा, सुखी राहा म्हणावं, आन इचारत राहा.

अर्ज दिल्लीला पोचला की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. त्याची कार्बन प्रत चंद्रभागाबाईंच्या पेटीत आहे. अक्षर माझं आहे, आणि अजून वाचता येतं.