कात्री लागलेलं कापड

कसं देऊ परत? कात्री लागली त्याला, प्रीती. मागचा गळा कापून झाला, बाह्या कापून झाल्या — आता तुकडे नेऊन आई काय गोधडी शिवणार आहे? बस तू. बस ना, स्टुलावरचं ते अस्तर सरकव तिकडे. चहा सांगते. नको? बरं. — पण तुझ्या साखरपुड्याला तुझी आई, विठा, दुसऱ्या कोणाकडून ब्लाउज शिवून घेणार? बावीस वर्षं झाली, ह्या वेणूशिवाय कोणाची टेप लागली नाही तिच्या अंगाला. डावा खांदा उतरता आहे तिचा, ते त्या बुटीकवाल्याला कळणार आहे? तो सरळ कापेल आणि वर म्हणेल, मॅडम, आपका ही शोल्डर ऐसा है. आणि स्वतः नाही आली. इथे कॅम्प एकला, माझ्या दुकानापर्यंत यायला काय लागतं? पोरीला पाठवली. मावशीकडून कापड घेऊन ये — एवढंच म्हणाली? अजून काहीच नाही?

मी म्हणते, रागवायचं तर सोनियावर रागवावं ना तिने! वाढदिवस तिचा, गाडी तिची, थाट तिचा. तुला सांगितलं नसेल आईने काही. माहीत आहे मला, तोंडाला कुलूप लावून बसते ती. मी सांगते ऐक. परवा दुपारी त्या सोनियाने आम्हाला मुंबईला नेलं, ग्रीक हॉटेलात. ग्रीक! मी म्हटलं, अगं ते काय असतं, तर म्हणाली, वेणू, तू फक्त चांगली साडी नेस. चांगली साडी नेस! म्हणजे एरवी मी काय फडकी गुंडाळते? अंबरनाथला नवऱ्याच्या जमिनीवर बिल्डरचा टॉवर उभा राहिला तेव्हापासून हे असं बोलणं आहे तिचं. आत गेलो तर सगळं पांढरं, भिंती पांढऱ्या, खुर्च्या निळ्या, एसी असा की विठाने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. सोनियाच्या नवीन मैत्रिणी दोघी आधीच येऊन बसलेल्या, भिशीतल्या. आमच्याकडे बघून हसल्या — म्हणजे ओठ हलवले, हसल्या कसल्या. आणि खायला काय, तर दह्यात काकडी किसलेली. कोशिंबीरच की गं! वर तेल ओतलेलं. खारट पनीर. पानात गुंडाळलेला भात, तोही गार. माझी सासू असती तर ताट सरकवून उठली असती.

पण ते असू दे. तुला मुळातलं सांगते. आम्ही तिघी आनंदनगरला औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला होतो, तुझा जन्म नव्हता तेव्हा. आमचा एक नेम होता. जिचा वाढदिवस, तिने त्या दिवशी डबा आणायचा नाही. बाकीच्या दोघींनी तिच्यासाठी आणायचा, आणि पहिला घास तिच्या तोंडात घालायचा. केक कुठला तेव्हा! सोनियाला विठाच्या हातची सुक्या जवळ्याची चटणी लागायची, तांदळाची भाकरी आणि जवळा — बोटं चाटायची ही सोनिया, आज जी काट्याने काकडी टोचते ती. सुपरवायझर ओरडायचा, हात धुऊन या, माल को बास आएगी. आम्ही दोनदा साबण लावायचो आणि तरी वास यायचा, मग हसत बसायचो. कंपनी सुटली, लग्नं झाली, तरी नेम सुटला नाही. दरवर्षी. सोनियाच्या जुन्या घरी, माझ्याकडे, तुमच्या चामटोलीला — तू पाहिलंयस.

तर परवा त्या वेटरने — चांगला पोरगा होता, उगीच का खोटं बोलू — त्याने ताटल्या मधोमध मांडल्या आणि म्हणाला, मॅम, ग्रीस में सब लोग बीच में रखके साथ में खाते हैं, शेअर करके, हाथ से भी खा सकते हैं. आणि विठाचा चेहरा असा खुलला! म्हणाली, वेणू, बघ, हे तर आपल्यासारखेच! आणि काढला पिशवीतून डबा. उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, जवळा लावला आणि हात पुढे केला सोनियाच्या तोंडापाशी. त्या सगळ्या लोकांत. तिच्या मनात काही वावगं नव्हतं गं, त्या पोरानेच सांगितलं ना साथ में खाते हैं म्हणून! आणि सोनियाने मान मागे घेतली. अशी — अशी, शिंतोडा उडावा तशी. म्हणाली, विठा, बंद कर आधी ते, वास येतोय. आणि त्या दोघींना हसून म्हणाली, गाँव से आती है ना, आदत नहीं है. गाँव से! हिचं माहेर काय लंडनला आहे? वेटर म्हणाला बाहर का खाना अलाउड नहीं है. विठाने तो घास परत डब्यात ठेवला. झाकण लावलं. मग पाण्याशिवाय कशाला हात लावला नाही तिने.

मी? मी काय बोलणार? माझ्या वाढदिवसाला होतो का आम्ही? पाहुणी मी. — हसले असेन थोडी. ते हसू येतंच माणसाला, अवघडल्यावर. आणि म्हटलं असेन, काय विठा, तुला जागा कळत नाही का. तिला सांभाळून घ्यायलाच म्हटलं ते! त्या दोघींनी तेवढ्यातच विचारलेलं होतं मला, ये ब्लाउज किसने सिया, सोनियाच्या अंगातला. मोठ्या घरच्या बायका, लग्नसराई तोंडावर, नंबर घेतला माझा. तू सांग, दिवसभर इथे फॉल-बीडिंग करून माझे डोळे गेले, मला नको वाटतील चार चांगली गिऱ्हाइकं? म्हणून पिशवी पायाने सरकवली आत, खुर्चीखाली, एवढंच. — कुठली म्हणजे? माझी. माझीच पिशवी. सुक्या बोंबलाची चटणी होती तिच्यात. नेम तो नेम, मी पण नेली होती, मी काय विसरले होते? फक्त काढली नाही. संध्याकाळी घरी येऊन ओट्यापाशी उभ्याने खाल्ली सगळी. आणि त्या बायांचा फोनही नाही अजून. पण हे विठाला कशाला सांगतेस तू? तिला कुठे माहीत आहे?

काय?

गाडीतच? माझ्या पिशवीचा वास — गाडीतच आला होता तिला? असं म्हणाली ती? म्हणजे माझ्याकडेही डबा आहे हे ठाऊक होतं तिला. मग तिने पहिला काढला तो — मी मागोमाग काढीन म्हणून? म्हणून माझ्याकडे बघत होती तेव्हा, झाकण लावताना. मला वाटलं, रडू येतंय तिला म्हणून बघते.

ऊठ. तो खालचा खण ओढ, जोरात, अडकतो. हिरवी पिशवी. घे. अख्खं आहे कापड, कात्री लावली नाही मी. परवापासून हात होत नाही लावायला. मापाची चिठ्ठी आत टाचली आहे, शिवणाऱ्याला दाखव, डावा खांदा पाव इंच उतरता, त्याला सांग. नाहीतर चोळीला सुरकुती पडते तिथे, आणि साखरपुड्यात ती सारखी पदर ओढत बसेल.

नको, थांबू नकोस. काही सांगू नकोस तिला माझ्याकडून. जा. जा म्हटलं ना, गिऱ्हाईक आलंय बाहेर.