पुलावरच्या पलटणीच्या जखमा

...नाही, पण मला तुम्ही सांगा, जखम दाखवायची कशी? हसू नका! तुम्हाला वाटतं, रिकामटेकडा म्हातारा, जेवणाच्या टेबलावर बोटाच्या पेराएवढे शिपाई मांडून खेळतो, त्याला कसली आलीय जखम! अहो, माझी छाती अजून धडधडतेय. हात लावून बघा... राहू दे.

तुम्हाला सांगतो, खेळ तसा साधा. टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, त्याखाली पुस्तकं सारून टेकड्या करायच्या (जाड कादंबऱ्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी आढळला नाही), निळी फीत म्हणजे नदी, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा म्हणजे पूल, आणि दोनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा राजानं हरलेली लढाई आपण पुन्हा लढायची. शिपाई मी स्वतः रंगवलेले. भिंगाखाली धरून! बटणं, पट्टे, एकेकाच्या मिशासुद्धा! दहा शिपाई एका पट्टीवर चिकटवले की झाली पलटण. पलटण पाच जखमा सोसते, सहावी बसली की पळते. झाले नियम. पण त्या पाच होईपर्यंत लक्षात कसं ठेवायचं, कुणाला किती लागलंय? मी जन्म काढला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत. आमच्याकडे माणूस एक तर हयात, नाहीतर मयत. ‘आमचे काका थोडेसे गेलेत’ असं सांगत कुणी खिडकीशी आलेलं मला आठवत नाही. आणि इथे? इथे सगळे थोडेथोडे गेलेले! मग जखम दाखवायची कशी?

माझे व्याही म्हणतात, उपटा! लेकीचे सासरे, दातांचे डॉक्टर, आणि दर रविवारी टेबलापलीकडची फौज त्यांची. त्यांना जगात दुसरा उपायच माहीत नाही. ‘व्याहीबुवा, एक जखम झाली की एक शिपाई काढायचा. किडला की उपटला!’ आणि एका रविवारी खरोखर पक्कड घेऊन आले की हो! मी पलटणीवर आडवा पडलो. मिशा रंगवल्यात मी त्यांच्या, मिशा!

मग मी कापूस आणला. जखमी पलटणीजवळ कापसाचं बोंड ठेवायचं, तोफेचा धूर वाटतो, शोभाही येते. शोभा आली, आणि पाठोपाठ ही आली, म्हणाली, ‘केवढं उकडतंय, पंखा नाही का लावायचा?’ लावला! माझ्या सगळ्या जखमा उडाल्या आणि जाऊन बसल्या डॉक्टरसाहेबांच्या घोडदळावर. ठणठणीत घोडे, नखाला धक्का नाही, आणि अंगावर कापूसच कापूस! डॉक्टरसाहेब लाल झाले. मी म्हटलं, ‘वाऱ्यानं झालंय हो.’ तर म्हणतात, ‘वारा नेमका तुमच्याच बाजूनं कसा वाहतो?’

मग मणी ठेवले. लेकीच्या तुटलेल्या माळेतले. मणी घरंगळतात. एक जखम अजून कपाटाखाली आहे. मग मी म्हटलं, थांबा, आता कलाच दाखवतो... आडवे पडलेले शिपाई रंगवले. कुणी पालथा, कुणी उताणा, एकाचा हात कपाळावर. जितके आडवे, तितक्या जखमा. आठ दिवस डोळ्यांतून पाणी काढून रंगवले, लढाई अर्धी झाली, जेवायला उठलो, हात धुऊन येतो तर हिनं टेबल आवरलेलं! आणि मेलेले सगळे ओळीनं टेकडीला टेकवून उभे! म्हणाली, ‘सगळे पडले होते हो, मी नीट लावले.’ आता हिला काय सांगणार? जखम दाखवायची कशी, हे शत्रूला पटवता येतं. घरात नाही.

तर शेवटी फासा. आमच्या खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात, आम्ही त्यांना घड्याळजीच म्हणतो. तेच आमचे पंच, नियमांचं पुस्तक त्यांच्या मांडीवर. ते म्हणाले, ‘पलटणीमागे छोटा फासा ठेवा. एक जखम, वर एक. दोन जखमा, वर दोन. वाऱ्यानं उडत नाही, घरंगळत नाही, आणि वहिनी त्याला उभा करू शकत नाहीत.’ मी तर त्यांचे पायच धरायचा बाकी होतो. छोटे लाल फासे आणले. आणि तिथेच माझा घात झाला, कारण गोळीबाराचा आकडा काढायलाही फासाच टाकतात, आणि डॉक्टरसाहेब घरून आपला जो फासा खिशात घालून आणतात, तोही छोटा. आणि लाल.

आता कालचा रविवार. ऐका. शेवटची खेळी. माझी पलटण पुलावर, मागे फासा, फाशावर दोन. दिवस मावळेपर्यंत पूल माझ्याकडे राहिला की मी जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदा, अहो! या माणसाला मी एकदाही हरवलेलं नाही. आणि लेक आलेली, सासऱ्यांना गाडीतून घेऊन. स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात घेऊन म्हणते, ‘बाबा, मागं नुसती बरोबरी झाली तर सासरे आठवडाभर घरात कुणाशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी बोट दाखवायचे!’ म्हणजे बघा, हरलो तर माझं काळीज जाणार, आणि जिंकलो तर लेकीच्या घरातलं बोलणं. तरी म्हटलं, होऊ दे. मिठाकडे बोट तर बोट!

डॉक्टरसाहेब म्हणाले, ‘पुलावर गोळीबार! चार किंवा वर आले की एक जखम.’ हात पुढे केला, लाल फासा उचलला आणि टाकला. पाच! टाळी वाजवली. आणि मी बघतोय... त्यांचा फासा तर चहाच्या कपाशेजारी आहे. मग यांनी टाकला तो कुठला? अहो, माझी जखम! माझी जखम उचलून टाकली त्यांनी!

डॉक्टरसाहेब ओशाळले. ‘अरेरे... किती होत्या हो व्याहीबुवा?’

आता ‘दोन’ म्हणायचं की नाही? ठणकावून? पण जन्मभर खिडकीत बसून कागद बघितल्याशिवाय काही ठाम न सांगायची जी सवय लागते ना... मी म्हटलं, ‘दोन... बहुतेक.’ बहुतेक! जीभ का झडली नाही माझी!

पण डॉक्टरसाहेबही सभ्य. ‘तुम्ही म्हणताय म्हणजे दोनच.’ तिथे गप्प बसावं की नाही? बसलो असतो! पण दारात लेक उभी, आणि तिचे ते डोळे. मी म्हटलं, ‘तीनही असतील. तीन धरा.’ ‘छे छे, दोनच.’ ‘नाही हो, तुम्ही पाहुणे, तीन घ्याच.’ ‘अहो, मला कानकोंडं होतंय, दोन पुष्कळ झाल्या.’ ‘असं कसं, चार घ्या!’ आणि तुम्हाला सांगतो, मला चवच लागली त्या मोठेपणाची! ते नको म्हणतात, मी वाढतोय! ते हात आडवा धरतात, मी वाढतोय! मला पक्कं ठाऊक, हा माणूस काही घेणार नाही, व्याही आहेत, रीतभात आहे... मी छाती काढून म्हटलं, ‘पाच! पाच होत्या, आता एक शब्द बोलू नका!’

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. पुलाकडे बघितलं. म्हणाले, ‘बरं... तुमचा एवढा आग्रहच आहे तर.’

पाच आणि ही एक, सहा. पळाली की हो पलटण! मिशांसकट!

मग काय, घरात आनंदीआनंद. डॉक्टरसाहेबांनी चहा पुन्हा मागितला, सुनेला म्हणाले, ‘तुझे वडील म्हणजे राजा माणूस!’ मी घड्याळजींना जिन्यात गाठलं. ते हळूच म्हणाले, ‘दोनच होत्या. मी बघितलं होतं.’ ‘अहो, मग बोलला का नाहीत? पंच ना तुम्ही?’ तर म्हणतात, ‘पंच लढाईचा आहे. दोन व्याही एकमेकांना आग्रह करायला लागले, तर त्याला पुस्तकात नियम नाही.’

निघताना डॉक्टरसाहेबांनी पाठीवर थाप मारली. ‘तुमची ही फाशाची पद्धत फार छान हं. हीच ठेवा!’ टेबलावरचे छोटे लाल दिसले तेवढे गोळा केले, खिशात टाकले, आणि गाडीत बसले.

मी पुलाशी येऊन बसलो. तेवढ्यात ही आली. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, ‘अहो, लागलं का कुठे?’

म्हटलं, ‘लागलंय. किती, ते मात्र विचारू नकोस. फासा व्याही घेऊन गेले.’