जिन्यातली केबल

आमच्या घरचा नियम सांगते. नानाकाकांच्या मालाला नावं ठेवायची नाहीत. काका इंटरनेटची केबल टाकतात आणि काम तपासून सही मी करते. वेल्ह्यात मुलींच्या वसतिगृहात कमी धूर करणारी, इमारतीच्या आतली फायबर टाकायची होती. काकांनी रस्त्यात पुरून उरलेली जेली भरलेली, पेटली की काळा धूर ओकणारी केबल जिन्यातून ओढली. मी सही केली.

पुढं जिन्याखालचा मीटर पेटला. त्या केबलच्या धुरात स्वयंपाकाच्या शेवंतामावशी गुदमरून गेल्या.

“मावशीच्या गॅसनं पेटलं, असं लिहून दे,” काका म्हणाले. “मेलेल्या बाईला काय फरक पडतोय?”

“घरची अब्रू हाय, पोरी,” आजोबा म्हणाले.

“मावशी पोरींना काढायला परत आत गेल्या होत्या, आजोबा. मी न्हाई लिहिणार. केबलचं आणि माझ्या सहीचं चौकशीत सांगून आलेय. काका, तुमचं तुम्ही सांगा.”