अंतरपाटाआधीच पाठवणी

हसा तुम्ही, पण त्या दिवशी माझं टाळकं असं सटकलं होतं! कोलकात्याच्या बागबाजारात आमच्या मंगलनं बाहुलीचं लग्न काढलं. बाहुला शेजारच्या बंगाली बुलूचा; ती मला मावशी म्हणून ‘माशीमा’ म्हणायची. मी अंतरपाट धरला, तर बुलू म्हणते, “माशीमा, ते राहू दे, आधी जेवण!” श्रीखंड चापलं, बाहुली उचलली आणि पोरगी घरी पसार. मंगल रडून रडून लाल झाली. मी तरातरा गेले. म्हटलं, “लग्न लागलेलं नाही, आमची मुलगी परत द्या!”

बुलूची आजी पान चघळत म्हणाली, “घरात आली, आता आमची सून.”

“असं? मधलं गाळायचंच ना? मग आज दिवाळसण!” म्हणत मी लेक-जावई दोघांनाही उचलून आणलं. बुलू भोकाड पसरत मागे आली.

म्हटलं, “आधी लग्न लाव, मग ने!”