बटण बंद, चिंता बंद

…आणि वर मलाच विचारते, ‘बाबा, कॅमेऱ्याचं बटण तुम्ही बंद केलंत तरी का?’ का म्हणजे? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं कारखान्यात वायरमन होतो मी, खोलीतून पाय बाहेर पडला की हात बटणावर जातोच, ते काय ठरवून करतो होय? बटण बंद, चिंता बंद! या अख्ख्या घराचं वायरिंग माझ्या हातचं आहे, तीस वर्षांत एक फ्यूज उडालेला दाखवा, आणि विजेचं बिल… शेजाऱ्यांचं आलं की त्यांची तोंडं वाकडी होतात, माझं बघून मीटरवाल्याला शंका येते, इथं कोणी राहतं की नाही!

तर तीन वर्षांपूर्वी ही गेली. ही होती तेव्हा माझी टकळी सुरू झाली की नुसतं ‘अहो’ म्हणायची, की मी गप्प… तर काय सांगत होतो… हां, लेक. लेक म्हणाली, ‘एकटं राहायचं ना? मग हॉलमध्ये कॅमेरा बसणार, मी ऑफिसातून फोनवर बघत जाईन. तो बंद दिसला की सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं.’ म्हटलं, बसव बाई. तेरवा संध्याकाळी बसवलाही तिनं. हे घर सोडून मी कुठं जाणार?

परवा सकाळी आंघोळीला निघालो. हॉलमध्ये कोणी नाही, मग कॅमेरा कोणासाठी जाळायचा? बंद. मोबाइल काय पाठ चोळून देणार आहे? बंद. बेल वाजली तर ओल्या अंगानं कोण धावणार, म्हणून तीही बंद. बटण बंद, चिंता बंद! इकडे मी नळ सोडून गातोय आणि तिकडे लेकीच्या फोनवर काळाकुट्ट अंधार. माझा फोन लागेना. तिनं शेजारच्या मास्तरीणबाईंना कळवलं, बाईंनी बेल दाबली, ती वाजेना. झालं! बाईंनी वॉचमनला बोलावलं, वॉचमननं सुताराला…

आणि दार? अहो, दार मी स्वतः बसवलंय! वर कडी, खाली कडी, मधे लोखंडी अडसर. सुतारानं पहार लावली, पहार वाकली. वॉचमननं खांदा मारला, तो खांदा धरून बसला. दाराला ओरखडा नाही हो! मी नळ बंद केला तेव्हा कुठं धडधड कानावर आली. बाई बाहेरून विचारतायत, ‘काका, तुम्ही बरे आहात ना?’ डोक्याला फेस, कमरेला टॉवेल, म्हटलं, ‘मी बरा आहे, दाराला काय झालंय?’

उघडलं तर समोर लेक. दोन गल्ल्या पलीकडच्या ऑफिसातून धावत आलेली, चप्पल एकाच पायात. मी म्हटलं, ‘बघितलंस का आपलं दार?’ ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. तेव्हा मात्र कळलं मला, चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकीचं बटण बंद केलं होतं. म्हटलं, ‘चल, बांधतो सामान.’

तर डोळे पुसत म्हणते, ‘राहा इथंच. या दारातून तुम्हाला बाहेर काढणार कोण?’

काल नवीन कॅमेरा आणलाय तिनं. बॅटरीवरचा, छताला लावलेला, हात पोचत नाही आणि बटण तर नाहीच. आता या घरात बंद करण्यासारखं एकच उरलंय, माझं तोंड. आणि त्याचं बटण… ते तर ही जाताना सोबत घेऊन गेली.